खाडी आडवी आली की गाडीतून उतरायचं

बागमांडल्याच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा फेरीबोट नुकतीच सुटली होती. पाण्यावर तिची पांढरी रेघ अजून मिटायची होती. नवरा पहाटे पाचला पुण्यातून निघून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत इथवर आलेला, त्यामुळे जरा हिरमुसला. मागच्या सीटवरून सासूबाईंनी मात्र दार उघडलंसुद्धा. "अगो, ओहोटी चालल्येय. चल पटकन."

आई ७२ वर्षांच्या आहेत. त्यांचं माहेर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. शिमग्याला माहेरच्या देवाची पालखी घरी येते, तेव्हा तिथे असायचं हा त्यांचा हट्ट. आजवर आम्ही महामार्गाने चिपळूण गाठून तिथून जायचो. या वर्षी पहिल्यांदाच किनाऱ्याच्या रस्त्याने गेलो, आणि आता दुसऱ्या कुठल्याही रस्त्याने जायची माझी तयारी नाही.

धक्क्याच्या कडेला सावित्रीच्या खाडीचा चिखल उघडा पडत होता. मला आधी नुसताच चिखल दिसला. दोन-तीन मिनिटं गप्प उभं राहिल्यावर तो हलायला लागला. बोटाएवढ्या, चिखलाच्याच रंगाच्या निवट्या. हा मासा पाण्याबाहेर येऊन पुढच्या दोन परांवर कोपर टेकल्यासारखा सरकतो. त्याचे डोळे डोक्याच्या वर, बेडकासारखे. मधेच एक डोळा खोबणीत ओढून घेतो आणि ओला करून पुन्हा वर काढतो. शेजारी छोट्या कुर्ल्या. त्यांच्यातल्या नराची एक नांगी एवढीशी आणि दुसरी त्याच्या अंगाएवढी मोठी. ती मोठी नांगी तो हवेत वर-खाली करत होता, बिळाच्या तोंडाशी उभं राहून कुणाला तरी बोलावल्यासारखी. एक नर थांबला की दुसरा सुरू.

आईंनी तिवराचं एक पान तोडून माझ्या हातात दिलं. "चाखून बघ." जिभेला लावलं तर खारट. तिवराची मुळं खारं पाणी घेतात आणि जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतात. मी अकरा वर्षं शाळेत विज्ञान शिकवते, कांदळवनावरचा धडा दर वर्षी घेते. पान चाखून बघायचं मला कधी सुचलं नव्हतं.

पाऊण तासाने फेरी आली. मला आणखी थोडा वेळ हवा होता.

पलीकडे वेसवीला उतरलो की बाणकोट आणि तिथून वेळास. वेळासची कासवं आता सगळ्यांना माहीत आहेत, पण हे सगळं कसं सुरू झालं ते सांगितलंच पाहिजे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला घेतली. त्याआधी मादीने वाळूत अंडी घातली की बहुतेक घरट्यांतली अंडी माणसं तरी न्यायची, नाहीतर कुत्रे-कोल्हे उकरायचे. आता पहाटे किनारा फिरून घरटी शोधतात, अंडी जपून काढतात आणि कुंपणाच्या आत तितक्याच खोल खड्ड्यात ठेवतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी. सुमारे दीड महिना ते ५५ दिवस वाळूच्या उबेवर. ऊब जास्त झाली तर माद्या जास्त जन्मतात, कमी राहिली तर नर. त्यामुळे वाळू किती तापते यावर त्यांची पुढची पिढी ठरते. हे वाक्य वर्गात सांगणं वेगळं आणि त्या वाळूत पाय रोवून ऐकणं वेगळं.

संध्याकाळी सहाला घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलल्या. पहिल्या दोन टोपल्यांखाली काही नव्हतं. तिसरीखाली वाळू खचली होती आणि खळग्यात काळपट काहीतरी वळवळत होतं. त्या दिवशी २७ पिल्लं निघाली. दोरीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ओली वाळू, आणि तिच्यावर तळहाताच्या मध्यात मावतील एवढी पिल्लं. चालताना एका वेळी एक पुढचं आणि विरुद्ध बाजूचं मागचं वल्हं टाकत होती. वाळूत त्यांची शिवण घातल्यासारखी रेघ उमटत होती. एक पिल्लू पाण्यापर्यंत पोचलं, लाटेने त्याला चार हात मागे उलटं टाकलं. ते पाय हलवत राहिलं, कसंबसं सुलटं झालं, पुन्हा त्याच दिशेला तोंड. दुसऱ्या लाटेने पुन्हा मागे. तिसरी लाट ओसरली तेव्हा ते तिथे नव्हतं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईंनी माझा हात घट्ट धरला होता. त्यांनाही ते नंतर कळलं.

पिल्लांना उचलून पाण्यात का सोडत नाहीत, असं कुणीतरी विचारलंच. ही वाट त्यांची त्यांनीच चालायची असते. मोठी झालेली मादी अंडी घालायला आपल्या जन्माच्या किनारपट्टीकडे परतते, आणि त्या किनाऱ्याची ओळख तिला या पहिल्या प्रवासात होते असं मानतात. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं, तिचं नाव प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरला बसवलेल्या यंत्रांपैकी बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आईंना हे इतकं आवडलं की माहेरी पोचेपर्यंत त्या भेटेल त्याला बागेश्रीचीच गोष्ट सांगत होत्या.

वेळासला जायचं असेल तर राहायचं गावातल्या घरांतच. कुयरीची भाजी, तांदळाची भाकरी, सोलकढी. निघायच्या आदल्या दिवशी फोन करून घरटं फुटायला आलंय का ते विचारायचं, आणि पिल्लं नाहीच दिसली तरी सकाळी सातला पुन्हा किनाऱ्यावर जायचं. आम्ही गेलो. पिल्लं नव्हती, पण सुरूच्या शेंड्यावर समुद्रगरुड बसला होता, पोट पांढरंशुभ्र, पाठ राखाडी. मी घार म्हटलं म्हणून आईंची बोलणीही खाल्ली.

केळशी, आंजर्ले, हर्णै हा पट्टा सगळे लिहितात, म्हणून मी दोनच गोष्टी सांगते. केळशीला भारजा नदीच्या मुखाजवळ वाळूची भलीमोठी टेकडी आहे. तिच्यावर चढू नका. पायाखाली वाळू घसरते आणि टेकडी झिजत जाते, खालून बघा. दुसरं, डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होड्या. चार-पाच होड्या एकाच कळपामागे इंजिनं फोडत धावताना मी किनाऱ्यावरून पाहिल्या आणि पोटात कालवलं. आम्ही गेलो नाही.

आणि मग दाभोळ ते धोपावे फेरीत, काही न मागता, दिसले. वाशिष्ठीच्या मुखाजवळ आधी एक करडी पाठ, तिच्यावर उंचवटा, मग दुसरी. आईंच्या माहेरी डॉल्फिनला गादा म्हणतात. "गादा! गादा!" म्हणून त्या कठड्याला टेकून ओरडल्या आणि फेरीतले निम्मे लोक त्या बाजूला आले. फेरी आपल्या वाटेने, गादे त्यांच्या वाटेने. तीनदा वर आले आणि गेले. बोटीमागे कुरव पक्षी होते, हिवाळ्याला उत्तरेकडून आलेले. परतायची वेळ झाल्यामुळे काहींची डोकी गडद तपकिरी व्हायला लागली होती, काहींच्या कानामागे नुसताच ठिपका. लोक त्यांना गाठी-शेव टाकत होते. मी दोन मुलांना तसं करू नका म्हटलं आणि कारणही सांगितलं. त्यांनी ऐकलं.

त्याच फेरीत आईंनी मला ती गोष्ट सांगितली. त्या लहान असताना त्यांच्या चुलतभावाला रात्री साप चावला. दवाखाना खाडीपलीकडे. तेव्हा फेरीबोट नव्हती, नुसती होडी होती, आणि ओहोटीमुळे होडी चिखलात बसलेली. भरती येईपर्यंत सगळे काठावर बसून राहिले. भाऊ वाचला, पण ती रात्र त्या विसरलेल्या नाहीत. रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग पुरा करायचा तर बाणकोट, केळशी, दाभोळ, जयगड या सगळ्या खाड्यांवर पूल हवेत, आणि ते व्हायचे आहेत. त्या रात्री काठावर बसलेल्या माणसांकडे बघून पूल नको असं मी म्हणू शकत नाही. तरी मला वाटतं की पूल झाल्यावरही फेऱ्या चालू राहाव्यात, आणि चिखलाकाठी दहा माणसं बसतील एवढा कट्टा ठेवावा. पुलावरून निवटी दिसत नाही.

पौर्णिमेला हेदवी. आदल्या रात्री मी फोनवर भरतीची वेळ शोधत होते, तर आई म्हणाल्या, "तिथीची पाऊणपट कर. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा." इथला जुना हिशेब आहे हा. प्रतिपदेपासून तिथी मोजायची, पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो, त्याच्या मागोमाग भरतीही. आम्ही अकराला उमामहेश्वराच्या देवळाजवळून बामणघळीकडे गेलो. काळ्या कातळाला समुद्राकडून आत गेलेली अरुंद भेग आहे. लाट तिच्यात शिरते, आतला कोंडलेला वारा दबतो, एक क्षण काहीच होत नाही, मग पायाखालचा दगड थरथरतो आणि पाण्याचा खांब उभा राहतो. शेवाळामुळे कातळ निसरडा, तेव्हा लांबूनच बघायचं. पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीला जोर जास्त, म्हणून जायचं तर त्याच तिथींना. संध्याकाळी पाचला पूर्ण ओहोटीत पुन्हा गेलो. त्याच कातळावरच्या डबक्यांत समुद्रफुलं उमललेली, बोट जवळ नेलं की मिटणारी, आणि दुसऱ्याच्या शंखात घर केलेले खेकडे.

धुळवडीला पालखी आली. आईंनी ओटी भरली. तो दिवस त्यांचा आहे, इथे लिहीत नाही.

द्वितीयेला तवसाळहून फेरीने जयगड, पुढे आरे-वारेचा चढ, रात्री रत्नागिरी. आणि तृतीयेला सकाळी कशेळीचा सडा, म्हणजे कातळाचं माळरान. मार्चमध्ये सडा म्हणजे करपलेलं पिवळं गवत आणि काळा जांभा. पावसाचं पाणी हा जांभा पिऊन घेतो आणि खालच्या गावांच्या झऱ्यांना पुरवतो. पावसाळ्यात याच सड्यांवर दीपकाडीची पांढरी फुलं येतात, ती बघायला मला एकदा यायचंच आहे. कशेळीला जांभ्यात कोरलेला हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. त्याच्या रेषांच्या आतबाहेर कितीतरी प्राणी. आज रत्नागिरीच्या रानात हत्ती नाही. कोकणातली आणि गोव्यातली मिळून अशा कातळशिल्पांची ९ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली.

आई हत्तीभोवती हळूहळू फिरल्या. एका जागी थांबून त्यांनी पदराने डोळ्यांवर सावली धरली. "हा पाकट. शेपूट बघ." मी वाकून पाहिलं. पंखांसारखं पसरलेलं अंग, मागे लांब शेपटी. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी जाळ्यात आलेला पाकट पाहून इथे वर येऊन कोरला, आणि आईंनी तो एका नजरेत ओळखला. त्यांच्या लहानपणी वडील घरी आणायचे तोच मासा.

ऊन चढलं तसं आम्ही गाडीकडे निघालो. माहेरी ठेवलेलं सामान घेऊन दुसऱ्या दिवशी पुणं गाठायचं होतं. नवऱ्याने फोन काढला. "हातखंब्यावरून महामार्गाने गेलो तर फेरीची भानगड नाही." आईंनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"तृतीया आज. सव्वादोनला भरती. जयगडला चारपर्यंत पोचू ना रे? तोवर पाणी उतरायला लागलेलं असेल."

नवऱ्याने फोन खिशात टाकला आणि गाडी पावसच्या रस्त्याला वळवली.