ढगांचा नाद सोडला: माझ्या ॲटमायझरची पाच महिन्यांची नोंद

आज मोजलं तर शेवटची सिगरेट ओढून १४१ दिवस झालेत आणि टेबलावर ई-सिगरेटचे तीन टँक पडलेत (टँक किंवा ॲटमायझर म्हणजे ज्यात लिक्विड भरायचं आणि कॉइल नावाची तार तापून त्याची वाफ होते तो भाग), एक रोजचा, एक मी स्वतः कॉइल गुंडाळून वापरतो तो, आणि एक असा की ज्याने मला परत टपरीवर पाठवलं होतं. टपरी म्हणजे इथे मँचेस्टरमध्ये कोपऱ्यावरचं दुकान, पण चौदा वर्षं चहा-सुट्टा केलेल्या माणसाच्या तोंडात टपरीच बसलेली असते, असो. दोघातिघांनी विचारलं की नवीन आहे, पहिला टँक कुठला घेऊ, म्हणून म्हटलं वहीतलं सगळं एकदाच टाकतो.

आधी एक सांगतो. हे सगळं यूकेतलं आहे. भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आला आणि मग त्याचा कायदा झाला, त्यामुळे तिथे ई-सिगरेट विकणं, आयात करणं, साठा करणं सगळं बंद आहे, विकण्या-आणण्याच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. माझा चुलतभाऊ दर फोनला म्हणतो दादा येताना एक आण ना, आणि मी दर फोनला नाही म्हणतो. डिसेंबरात लग्नाला जाणार आहे तेव्हा हे सगळं इथेच कपाटात राहणार आणि मी निकोटिनच्या च्युइंगगमवर दिवस काढणार. आणि जे मुळात ओढतच नाहीत त्यांनी छंद म्हणून हे सुरू करायचं काही कारण नाही, निकोटिन ते निकोटिनच, तुळशीचा काढा नाही.

जून, पहिला आठवडा

१ जून २०२५ पासून इथे डिस्पोजेबल, म्हणजे वापरून फेकायच्या ई-सिगरेटी, बंद झाल्या. तोवर माझं अर्धी सिगरेट अर्धं डिस्पोजेबल असं चाललेलं. मग गेलो एका दुकानात, काउंटरवर बावीसेक वर्षांचा पोरगा, समोरचं दिसणार नाही एवढा धूर काढून उभा, आणि मी येडा त्याचा धूर बघूनच भारावलो. त्याने दिलं काय तर दोन बॅटऱ्यांचा मॉड (टँकला वीज पुरवणारा डबा) आणि त्यावर सबओहम टँक (एक ओहमच्या आतलं कॉइल, भरपूर धूर), मेश म्हणजे जाळीचं कॉइल ०.२ ओहमचं, ६० ते ८० वॉट. लिक्विड मात्र मी माझ्या शहाणपणाने मागितलं, डिस्पोजेबलमध्ये होतं तेवढंच कडक हवं म्हणून २० मिलीग्रॅमचं निक सॉल्ट (दर मिलीला २० मिलीग्रॅम निकोटिन, कडक असूनही घशाला मऊ लागणारं). त्याने विचारायला हवं होतं, मीही सांगायला हवं होतं, दोघांनी नाही केलं.

घरी येऊन ६५ वॉटवर एक झुरका मारला, सिगरेटसारखा, म्हणजे आधी तोंडात मग आत. तोंडात गरम वाफेचा गोळा, मग खोकला, मग उचक्या, मग डोकं गरगरायला लागलं आणि जिन्याच्या पायरीवर दहा मिनिटं बसून राहिलो. बायको म्हणाली घरात धुपाटणं पेटवल्यासारखं झालंय, हे सिगरेट सोडायला आणलंयस की मला घालवायला. त्याच संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आईने बघितलं तर तिचा पहिला प्रश्न, सर्दी झालीय का रे, वाफारा घेतोयस?

नंतर कळलं काय झालं ते. एवढ्या वॉटला एका झुरक्यात उडणारं लिक्विड पॉडच्या (छोट्या ई-सिगरेटच्या) किंवा डिस्पोजेबलच्या कितीतरी पट असतं, म्हणून सबओहमला लोक ३ किंवा फारतर ६ मिलीग्रॅम वापरतात. मी त्यात २० टाकलं. इथे कायद्याने २० हीच कमाल मर्यादा आहे, म्हणजे दुकानात मिळेल त्यातलं सगळ्यात कडक मी सगळ्यात मोठ्या तोफेत भरलं होतं. वर ते लिक्विड ५०/५० चं (व्हीजी म्हणजे ग्लिसरीन आणि पीजी म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल, निम्मं-निम्मं), म्हणजे पातळ, आणि मेश कॉइलची लिक्विड आत घ्यायची भोकं मोठी, त्यामुळे ते एअरफ्लोमधून, म्हणजे हवेच्या भोकातून, गळून जीन्सच्या खिशात. आठवडाभरात परत पाकीट घेतलं.

मग जे आधीच विचारायला हवं होतं ते

तुम्ही ओढता कसं? बस, पहिल्या टँकसाठी हा एकच प्रश्न आहे असं माझं मत झालंय, बाकी रंग, काच, ब्रँड नंतर बघा. सिगरेट ओढणारा आधी तोंडात घेतो आणि मग छातीत, त्याला इथे एमटीएल म्हणतात, माउथ टू लंग. हुक्क्यासारखं सरळ छातीत ओढायचं ते डीएल, डायरेक्ट लंग. शहाळ्याची जाड स्ट्रॉ आणि तीच स्ट्रॉ बोटांनी चिमटून धरलेली, एवढा फरक आहे दोन्हीच्या हवेत. चौदा वर्षं चिमटलेल्या स्ट्रॉने ओढलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी जाड स्ट्रॉ दिली की त्याला काही पोचल्यासारखंच वाटत नाही, नाहीतर माझ्यासारखं फार पोचतं.

या एका गोष्टीवर बाकीचं सगळं आपोआप ठरत जातं. एमटीएल म्हणजे कॉइल साधारण ०.८ ते १.८ ओहम, वॉट ८ ते १८, हवेचं भोक एक-दीड मिलीमीटरचं, लिक्विड ५०/५०, निकोटिन जास्त चालतं कारण वाफ कमी. डीएल म्हणजे ओहम कमी, वॉट भरपूर, लिक्विड ७०/३० चं (व्हीजी ७०) घट्ट, निकोटिन कमी. यातलं एक इकडचं आणि एक तिकडचं उचललं की गंडलं. व्हीजी जास्त असलं की घट्ट आणि धूर भरपूर, पीजी जास्त असलं की पातळ आणि घशाला ठसका, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं.

अजून एक, इथे टँक जास्तीत जास्त २ मिलीचाच विकता येतो. सबओहममध्ये माझे २ मिली तासाभरात संपायचे, एमटीएलला तेवढे अर्धा दिवस पुरतात. नुसत्या या कारणासाठीसुद्धा नवशिक्याने एमटीएल घ्यावा.

२२ जून

या दिवशी इनोकिनचा झेनिथ आणला, १.६ ओहमच्या कॉइलचा. तोच आता रोजचा. दुसरा पर्याय ॲस्पायरचा नॉटिलस होता, एका मित्राकडे खूप जुना आहे आणि अजून चालतो, दोघांत मला झेनिथचा ड्रॉ, म्हणजे ओढ, जरा मऊ वाटला म्हणून तो घेतला, चवीत मला तरी फार फरक कळला नाही. टँक मॉडवर फिरवून बसवायचा ५१० म्हणून जो थ्रेड असतो (जॉयटेकच्या ५१० नावाच्या जुन्या मॉडेलवरून ते नाव पडलं) तो दोन्हीला सारखाच, त्यामुळे मॉड तोच ठेवला, फक्त टँक बदलला, म्हणजे दुकानातल्या पोराला दिलेले निम्मे पैसे तरी वसूल.

आणि पहिल्या दिवशी परत चूक केलीच. सबओहमसाठी नंतर आणलेलं ७०/३० चं लिक्विड उरलेलं, वाया कशाला घालवा म्हणून ते भरलं. एमटीएल कॉइलची भोकं बारीक, घट्ट लिक्विड आत पोचेना, चौथ्या झुरक्याला कॉइलमधला लिक्विड शोषणारा कापूस जळाला. ज्यांनी ड्राय हिट, म्हणजे कोरड्या कापसाचा असा झुरका, खाल्लेला नाही त्यांना सांगतो, फोडणी करपून त्यात मिरची गेली की घशाला जे होतं ना, तेच पण थेट आतून. नवीन कॉइल घातलं, ५०/५० चं १२ मिलीग्रॅमचं साधं तंबाखू फ्लेवर आणलं, कॉइलवर आधी दोनचार थेंब टाकले, भरून दहा मिनिटं तसंच उभं ठेवलं, ९ वॉटपासून सुरू करून हळूहळू ११ वर आलो आणि राव, तिथे ते जमलं. घशाला तीच ओळखीची टिचकी. रात्री पाकिटात तीन उरलेल्या, त्या अजून उरलेल्याच आहेत, बायकोने कुठे ठेवल्यात माहीत नाही.

बॅटरीबद्दल थोडं, कारण इथे सगळे घाबरतात किंवा कोणीच घाबरत नाही

माझा मॉड रेग्युलेटेड आहे, म्हणजे आत चिप आहे. त्यात बॅटरीवरचा भार वॉटवर ठरतो, कॉइलच्या ओहमवर नाही, हे मला महिनाभर उलटंच वाटत होतं. एका १८६५० सेलवर (मॉडमध्ये घालायचा सुटा सेल) ६० वॉट चालवले आणि सेल उतरत ३.२ व्होल्टपर्यंत आला की जवळपास १९ अँपिअर ओढले जातात, आणि चांगल्या सेलची सलग करंट द्यायची क्षमता २०-२५ च्या आसपास असते, म्हणजे काठावरच. १२ वॉटला तेच गणित ४ अँपिअरच्या आत बसतं. चिप नसलेल्या मेकॅनिकल मॉडचं मात्र सगळं ओहमवर असतं, ४.२ भागिले ओहम, ०.२ चं कॉइल लावलं की २१ अँपिअर, मध्ये थांबवायला कोणी नाही. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. सेलचं प्लास्टिक कव्हर फाटलं की नवीन कव्हर चढवा नाहीतर रीसायकलला द्या, आणि सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशात कधीच नको, दोनेक पाऊंडाची प्लास्टिक डबी मिळते ती घ्या.

ऑगस्ट, कॉइलचा हिशोब

हापूसची आठवण आली म्हणून मँगो-कस्टर्ड आणलं. चवीला गोड, लई गोड, हापूसशी संबंध शून्य, आणि चार दिवसांत कॉइल काळं. गोडव्यासाठी सुक्रलोज घालतात ते तारेवर करपून थर धरतं, दुधाच्या पातेल्याच्या बुडासारखं. तेच कॉइल तंबाखू किंवा साध्या पुदिन्यावर मला बारा-तेरा दिवस जातं. पाच कॉइलचं पाकीट दहा-अकरा पाऊंडाला पडतं, आता करा हिशोब कुठला फ्लेवर महाग ते.

या हिशोबातूनच आरटीएचं खूळ डोक्यात शिरलं. आरटीए म्हणजे ज्यात कॉइल आणि कापूस आपण स्वतः बसवायचा तो टँक. कँथालच्या (कॉइल गुंडाळायच्या मिश्रधातूच्या) तारेचं रीळ पाचेक पाऊंड, कापसाचं पाकीट तेवढंच, आणि ते संपता संपत नाही. पहिल्या दिवशी नका घेऊ, पण दोन महिन्यांनी हात शिवशिवायला लागले तर जरूर घ्या.

सप्टेंबर, आरटीए

सेकंडहँड घेतला, एमटीएलचाच, एका कॉइलचा. नाव सांगत नाही कारण पुढे जे झालं त्यात चूक त्याची नव्हती. २८ गेज जाडीची कँथाल, २.५ मिलीमीटरच्या दांडीवर ६ वेढे, मीटरवर १.१२ ओहम आलं. कापूस घालण्याआधी कमी वॉटवर बटण दाबून दाबून बघायचं, तार मधून लाल होत दोन्ही कडांना जायला हवी. माझी आधी डाव्या टोकाजवळच लाल व्हायची, मग बटण सोडून सिरॅमिक चिमट्याने वेढे हलकेच खरवडले, परत बटण, परत खरवडणं, सहाव्या-सातव्या वेळेला बरोबर पेटली. गॅसवर फुलका फुगल्यावर जो आनंद होतो तो झाला, खोटं नाही सांगत.

कापसाने मात्र रडवलं. पहिल्यांदा ठासून भरला तर लिक्विड चढेना, ड्राय हिट. दुसऱ्यांदा कमी घातला तर सकाळी टेबलावर तळं. तिसऱ्यांदा अगदी जमलं वाटलं, तारेतून ओढताना जरासा अडेल एवढा जाड, टोकं विंचरून पातळ केलेली, खालच्या खाचेत फक्त टेकलेली. तरी गळायचंच. चार संध्याकाळी कापूस बदलत बसलो, बायको म्हणाली लग्नात माझ्या साडीच्या निऱ्यांना इतका वेळ दिला असतास तर. शेवटी काच काढून बघितलं तर खालची ओ-रिंग एका जागी चिरलेली. कुकरची रिंग गेली की शिट्टी होत नाही तसंच आहे हे, टँकमध्ये वरच्या बाजूला हवेची जी पोकळी ओढ धरून ठेवते तिच्यावर लिक्विड थांबलेलं असतं, कुठूनही हवा शिरली की खालून गळणारच. काही पेन्सची रिंग, आणि मी चार रात्री कापसाला शिव्या देतोय. सेकंडहँड घेतलात तर सगळ्यात आधी रिंगा बदला.

झालं नीट तेव्हा मात्र चव झेनिथपेक्षा स्पष्ट वरची. कॉइलभोवतीची खोली लहान असते म्हणून असावं, तंबाखूतला गोडसर वास वेगळा कळतो. हवेचं भोक १.२ मिलीमीटरवर ठेवलंय, १३ वॉट. दर पाच-सहा दिवसांनी कापूस बदलतो, तार तीच, लाल करून पाण्याखाली धरली की परत चकाचक. थंड व्हायच्या आत बोट लावू नका, मी लावलं.

आत्ता, नोव्हेंबर

दिवसाला साधारण ३ मिली जातं, आरटीएमध्ये ६ मिलीग्रॅमवर आलोय, झेनिथमध्ये अजून १२ च आहे, ऑफिसच्या दिवशी तोच बरा पडतो कारण बाहेर कोणी कापूस विंचरत बसणार नाही. १ ऑक्टोबर २०२६ पासून इथे लिक्विडवर दर १० मिलीला २.२० पाऊंड ड्युटी ठरलीय, निकोटिन नसलेल्यावरसुद्धा, म्हणजे ५० मिलीची मोठी बाटली घेणाऱ्या ढगवाल्यांना एका बाटलीमागे ११ पाऊंड. माझा तो पहिला सबओहम टँक दिवसाला सहज १० मिली प्यायचा. विकायला काढलाय, अजून कोणी घेतला नाही, सध्या त्यात बायकोने मनी प्लांटची फांदी लावलीय आणि तिला मुळं फुटायला लागलीत, त्यामुळे आता विकता येईल असं वाटत नाही.

या शनिवारी एसएस३१६एल म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या तारेचं रीळ येतंय, तापमान धरून ठेवायचा मोड वापरून बघायचाय, कँथालवर तो चालत नाही कारण तापली तरी तिचा रेझिस्टन्स जेमतेम हलतो. कोणी एमटीएलमध्ये स्टील वापरत असाल तर किती वेढे घेता ते सांगा, मी ७ पासून सुरू करणार आहे.