टेस्टर आहेत, ऑडिट होतं, मग पीएचडीला पैसे कशाला?

विद्यापीठातल्या प्रायव्हसीच्या संशोधनाला कंपन्यांनी पैसे का द्यायचे, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पुण्यात हिंजवडी असो, खराडी असो की बाणेर, विद्यापीठातल्या संशोधनासाठी पैसे मागायला मी कंपनीत गेले की प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, आमच्याकडे टेस्टर आहेत, दरवर्षी ऑडिट होतं. कोडमधली प्रायव्हसी तपासायला पीएचडीच्या मुलांना पैसे कशाला द्यायचे?" प्रश्न रास्त आहे. मी स्वतः उमेदीची बरीच वर्षं टेस्टिंगमध्ये काढली आहेत, त्यामुळे त्या कामाची किंमत मला ठाऊक आहे.

पण टेस्टर काय बघतो? बटण दाबल्यावर जे व्हायला हवं ते झालं का. प्रायव्हसीच्या बाबतीत जे व्हायला नको ते कुठेच होत नाही ना, हे बघावं लागतं, आणि ते पडद्यावर दिसत नाही. मे 2018 मध्ये ट्विटरने आपल्या सुमारे 33 कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलून घ्यायला सांगितलं. पासवर्ड हॅश करूनच, म्हणजे मूळ शब्द परत काढता येऊ नये अशा सांकेतिक रूपात बदलूनच साठवायचा, ही व्यवस्था तिथे होती. मात्र हॅश होण्याच्या आधीच तो एका अंतर्गत लॉगमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, जसाच्या तसा लिहिला जात होता. लॉगिन व्यवस्थित चालत होतं. लॉगिन तपासणारी कुठलीही टेस्ट पासच झाली असती.

असा कोड आपल्याकडेही ढिगाने आहे. ओटीपी चुकला की एरर लॉग करायची. रात्री-अपरात्री प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिममध्ये, काही बिघडलं तर शोधायला सोपं जावं म्हणून डेव्हलपर अख्खं यूजर ऑब्जेक्टच, म्हणजे वापरकर्त्याच्या माहितीचा सगळा गठ्ठाच, लॉगला देऊन टाकतो. आज त्यात नुसतं नाव आणि आयडी आहे. काही महिन्यांनी दुसऱ्याच टीममधलं कुणीतरी त्या ऑब्जेक्टमध्ये मोबाइल नंबर आणि जन्मतारीख घालतं. लॉगची ओळ कुणी बदललेली नाही, म्हणून रिव्ह्यूला ती कुणासमोर येत नाही, आणि त्या दिवसापासून नंबर लॉगमध्ये जायला लागतो. तिथून तो लॉग सांभाळणाऱ्या तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर पोचतो. यात कुणाचाही वाईट हेतू नाही. ऑडिटर येतो तेव्हा धोरणाचा कागद मागतो, आणि कागद चोख असतो.

ही सरळ गळती झाली, ती पकडणारी टूल्स आहेत. आणि ती आली कुठून? 2010 मध्ये टेंटड्रॉइड आलं, ॲपमधली खाजगी माहिती कुठे जाते याचा माग काढणारं टूल, विद्यापीठं आणि इंटेलची प्रयोगशाळा यांनी मिळून केलेलं. त्यांनी अँड्रॉइडची 30 लोकप्रिय ॲप्स तपासली, त्यातली 15 वापरकर्त्याचं ठिकाण जाहिरातवाल्यांच्या सर्व्हरला पाठवत होती. स्वतःच्या ॲपबद्दल असा निष्कर्ष कोणती कंपनी छापेल? 2014 चं फ्लोड्रॉइड हे तशाच कामाचं टूल जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या तंत्र विद्यापीठाशी जोडलेल्या गटाचं, आणि ते आजही कुणालाही फुकट वापरता येतं.

खरी कसोटी पुढेच आहे. समजा, आरोग्याचं एक ॲप आहे. साखर ठरावीक आकड्याच्या वर गेली तरच ते आहाराच्या सल्ल्याचं पान उघडतं, आणि ते पान बाहेरच्या सर्व्हरवरून येतं. साखरेचा आकडा ॲपने कुणालाही दिलेला नाही. तरी सर्व्हरवाल्याला कळलंच ना, या फोनच्या मालकाची साखर वाढली आहे म्हणून? प्रोग्रॅम एकदा चालवून हे सापडत नाही. बाकी सगळं तेच ठेवून फक्त गुप्त आकडा बदलायचा आणि बाहेरच्याला जे दिसतं त्यात फरक पडतो का, ते बघायचं. गॉग्वेन आणि मेसेगेर या संगणकशास्त्रज्ञांनी 1982 मध्ये ही अट नेमक्या गणिती शब्दांत मांडली. पण शक्य त्या सगळ्या आकड्यांसाठी, लाखो ओळींच्या कोडवर, ती पाळली जाते हे सिद्ध करणं फार कठीण आहे. टूलने शंभर इशारे दिले आणि त्यातले चारच खरे निघाले, तर इंजिनिअर आठवड्याभरात ते टूल बंद करून टाकतो. खोटे इशारे कमी करायचे आणि खरे निसटू द्यायचे नाहीत, यातच एकेकाची पीएचडी खर्ची पडते.

आणि कागदावरची सिद्धता म्हणजे कोडची सिद्धता नव्हे. आकडेवारी जाहीर करताना तिच्यात मोजूनमापून गोंगाट मिसळायचा, म्हणजे एका माणसाची माहिती त्यातून काढता येत नाही, या डिफरन्शियल प्रायव्हसीचा पाया 2006 चा. गणित पक्कं आहे. 2012 मध्ये इल्या मिरोनोव्ह यांनी दाखवलं, की संगणक दशांश संख्या ज्या पद्धतीने साठवतो त्यामुळे तो गोंगाट भेदून मूळ आकडा काढता येऊ शकतो. मिरोनोव्ह मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात होते, म्हणजे हे कंपनीतही घडतं, मान्य. पण अशी मोकळीक देणाऱ्या कंपन्या किती? बाकीच्या ठिकाणी तिमाहीचा हिशोब माणसाला एका प्रश्नावर चार वर्षं बसू देत नाही.

पुण्यात हे होणार नाही असं कुणी म्हणालं की मला वाईट वाटतं. टाटांचं संशोधन केंद्र, टीआरडीडीसी, इथे 1981 पासून आहे. तिथे घडलेल्या व्हेरिॲब्स या प्रोग्रॅम पडताळणाऱ्या टूलने 2020 च्या आंतरराष्ट्रीय सॉफ्टवेअर पडताळणी स्पर्धेत एका मुख्य गटात पहिला क्रमांक मिळवला. कोड चुकत नाही हे सिद्ध करणारी माणसं या गावात आहेत. तीच विद्या माहितीच्या गळतीकडे वळवायला हवी, आणि त्यासाठी विद्यार्थी टिकायला हवेत.

टिकायला किती लागतं? 2023 पासून जेआरएफ, म्हणजे पीएचडीच्या विद्यार्थ्याची सुरुवातीची सरकारी शिष्यवृत्ती, महिना 37,000 रुपये आहे, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे तिची वरची पायरी, 42,000. पाच वर्षांचे मिळून 24 लाख, घरभाडं भत्ता वेगळा. दुसरीकडे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेचे वाजवी उपाय न केल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र दंडाच्या भीतीने पैसे द्या असं मी म्हणत नाही. ओटीपीसाठी विश्वासाने नंबर देणाऱ्या माणसाचं आपण काही देणं लागतो, म्हणून द्या. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे सरकारी निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांतल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या संशोधनाला सीएसआरमधून, म्हणजे कंपनीने सामाजिक कामासाठी खर्च करायच्या निधीतून, पैसे देता येतात. त्यातून स्वतःच्या धंद्याचं काम मात्र करून घेता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

देताना पैसे यंत्रांवर लावू नका, माणसांवर लावा. वर्षावर्षाला तुकडे पाडू नका. दुसऱ्या वर्षाचा हप्ता अडकला की विद्यार्थी मुकाट्याने नोकरी धरतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

याहून मोठी मागणी कोडची आहे. विद्यापीठातली मुलं नमुन्याच्या छोट्या प्रोग्रॅमवर टूल घडवतात, आणि खऱ्या कोडवर ते पहिल्याच दिवशी कोलमडतं. म्हणून सीएसआरपासून वेगळा करार करून, ग्राहकांचा डेटा बाजूला काढून, एखादं चालू मॉड्यूल द्या, आणि त्याचा कोपरान्‌कोपरा ठाऊक असलेला एक इंजिनिअर आठवड्यातून एक दुपार मोकळा करा. गळती सापडली तर आधी तुम्हाला कळवली जाईल, दुरुस्तीला ठरलेली मुदत मिळेल, मग पेपर छापला जाईल आणि टूल सगळ्यांसाठी खुलं होईल. पेपर छापायला कंपनीची परवानगी लागेल, असं कलम करारात आलं, तर ते पैसे घेऊ नका, असंच मी विद्यापीठाला सांगते.