एलईडी जात नाही, ड्रायव्हर जातो

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत काम असल्यामुळे बंद पडलेले स्ट्रीटलाइट टेबलावर येतच असतात आणि आणणारा हमखास म्हणतो एलईडी गेला साहेब. उघडलं की एलईडी बहुतेक वेळा ठणठणीत, ड्रायव्हरचा, म्हणजे लाइनच्या विजेतून एलईडीला लागेल तसा करंट देणाऱ्या सर्किटचा, आउटपुट कपॅसिटर मात्र वरून टम्म फुगलेला आणि स्नबरच्या (व्होल्टेजचे झटके शोषणाऱ्या भागाच्या) रेझिस्टरखाली पीसीबी करपून तपकिरी झालेली.

ड्रायव्हरची एफिशियन्सी म्हटलं की सगळे लाइटबिलाचं बोलतात, मला विचाराल तर तो आयुष्याचा प्रश्न आहे. 50 वॅटचा ड्रायव्हर घ्या, 85 टक्केवाला लाइनमधून जवळपास 59 वॅट ओढतो म्हणजे 9 वॅट त्या बंद डब्यातच गरम होत बसतात, 92 टक्केवाल्यात साधारण साडेचार. उष्णता सरळ निम्मी! आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ठोकताळा असा की तापमान 10 डिग्रीने उतरलं की आयुष्य दुप्पट. 105 डिग्रीला 5000 तासांचा कपॅसिटर 85 ला 20000 तास जातो, 75 ला 40000. रस्त्यावरचा दिवा वर्षाला 4000 तासांच्या आसपास चालतो, करा हिशोब. सातपूरला पत्र्याच्या शेडमधला हायबे (उंच छताला लावायचा दिवा) तर मे महिन्यात भर दुपारीही चालू असतो, त्याचे हाल अजून वाईट.

मग हे वॅट वाचवायचे कुठे? ड्रायव्हर फ्लायबॅक, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये एनर्जी साठवून पुढे देणारा, असेल तर आधी तो ट्रान्सफॉर्मर बघा, लीकेज इंडक्टन्समधली, म्हणजे प्रायमरीतून सेकंडरीत न पोचणारी, एनर्जी प्रत्येक सायकलला त्या स्नबरमध्येच जळते, म्हणून अर्धी प्रायमरी, वर सेकंडरी, वर उरलेली प्रायमरी असं सँडविच वाइंडिंग करा. वाइंडिंगवाला कुरकुर करतो, वेळ जास्त लागतो त्याला, पण करून घ्याच. मॉस्फेट (चालू-बंद होणारा स्विच) व्हॅलीला, म्हणजे त्याच्यावरचं व्होल्टेज सगळ्यात खाली आलं की, ऑन करणारा कंट्रोलर घेतला की स्विचिंग लॉस उतरतो. आणि एलईडी जमेल तितके सिरीजमध्ये लावा, त्याच 50 वॅटला 12 व्होल्टवर 4 अँपिअरच्या वर करंट जातो तिथे 100 व्होल्टला अर्ध्या अँपिअरवर भागतं, डायोड आणि तांबं दोन्ही थंड राहतात, फक्त इन्सुलेशन त्या व्होल्टेजच्या हिशोबाने नीट द्या.

आणि तुम्ही नुसते विकत घेणारे असाल तर ड्रायव्हरच्या बॉडीवर टीसीचा (बॉडीचं तापमान मोजायच्या जागेचा) ठिपका असतो तो शोधा, दिवा दोनेक तास चालू देऊन तिथे थर्मोकपल (तापमान मोजायची तार) लावा, तापमान लेबलवरच्या टीसीच्या आकड्याच्या जवळ गेलं असेल तर तो ड्रायव्हर घेऊ नका.