पोरी सोप्या, मोठी माणसं अवघड : गाईड कॅप्टन होतानाचा माझा अनुभव

स्काऊट गाईड म्हटलं की आपल्याकडे लोकांना शाळेतला शनिवारचा तास आठवतो, गळ्यात स्कार्फ, एक शिट्टी आणि पीटीचे सर. त्यात चुकीचं काही नाही, भारत स्काऊट्स अँड गाईड्सचं बहुतेक काम शाळांमधूनच चालतं आणि मुलांचे स्काऊट मास्टर किंवा मुलींच्या गाईड कॅप्टन बहुतेक वेळा शिक्षकच असतात. पण शाळेबाहेर ओपन ग्रुप पण काढता येतो आणि तो चालवायला तुम्ही शिक्षकच असायला पाहिजे असं काही नाही, हे मला तिशी उलटल्यावर कळलं. मी नाशिकला एका सीएंच्या ऑफिसात काम करते, टॅली आणि जीएसटी रिटर्न यात दिवस जातो. कॉलनीतले एक रिटायर्ड गुरुजी मुलांचा ग्रुप चालवायचे, मुलींसाठी बाई मिळेना म्हणून माझ्या मागे लागले होते. "रविवारचे दोन तास फक्त" असं म्हणाले. दोन तास! असो.

तर पहिली गोष्ट म्हणजे स्कार्फ घातला आणि सुरू केलं असं होत नाही. आधी बेसिक कोर्स करावा लागतो, सात दिवसांचा, निवासी. मी भोरला केला, तिथे रामबागेत राज्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. नाशिकहून पुणे, स्वारगेटवरून भोरची एसटी, कापूरहोळ फाट्याला गाडी वळली तेव्हा मनात आलं आपण नक्की कशासाठी चाललोय. माझ्यासोबतच्या जवळजवळ सगळ्या शिक्षिका होत्या, त्यांना शाळेने पाठवलेलं, त्यामुळे त्या ऑन ड्यूटी आणि मी हक्काची रजा खर्चून आलेली. रजेचा अर्ज दिला तेव्हा आमचे साहेब म्हणाले होते, "शिट्टी वाजवायला सात दिवस शिकायचं?"

कोर्समध्ये तुम्हाला मुलींसारखंच राहावं लागतं. पहाटे उठून बी.पी. सिक्स म्हणजे स्काऊटिंग सुरू करणाऱ्या बेडन पॉवेलचे सहा व्यायाम, मग तंबूची तपासणी, ध्वज, प्रार्थना, दिवसभर गाठी, प्रथमोपचार, नकाशा, होकायंत्र आणि रात्री शेकोटी. आम्हाला सहा-आठ जणींच्या पेट्रोलमध्ये, म्हणजे छोट्या तुकड्यांमध्ये, वाटलं होतं. आमच्या पेट्रोलमध्ये पन्नाशीच्या दोन मॅडम होत्या, शाळेत त्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने वर्ग गप्प होत असणार, त्या दोघी तिसऱ्या दिवशी भाताचं जळकं पातेलं कुणी घासायचं यावरून अशा भांडल्या की बास. आमच्या ट्रेनर ताई लांबून बघत होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. पेट्रोल लीडरने दोघींनाही पातेल्याला बसवलं, एकीने राख लावायची दुसरीने धुवायचं. पेट्रोल पद्धत काय ते मला तिथे कळलं. बेडन पॉवेलने १९०७ साली ब्राउन्सी बेटावर पहिला कॅम्प घेतला तेव्हाही मुलांचे चार पेट्रोल पाडले होते. मोठ्याने लांब उभं राहायचं, पेट्रोलचं पेट्रोलने निस्तरायचं. ऐकायला सोपं आहे, पण समोर भात करपतोय आणि आपण हात मागे बांधून उभं राहायचं हे आपल्याकडच्या बाईला किती जड जातं ते विचारू नका.

कोर्सनंतर कंपनीची म्हणजे आमच्या मुलींच्या गटाची नोंदणी, मुलींची ऑनलाइन सदस्यता, माझं वॉरंट म्हणजे नेमणुकीचा कागद, फोटो, सह्या, शिक्के. यावर जास्त लिहीत नाही कारण मला कागदांची सवय आहे. ज्यांना नाही त्यांनी एक फाईल करा आणि प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेवा, एवढंच.

खरी मजा पालकसभेत. पहिला प्रश्न, दहावीला किती मार्क वाढतात? सवलतीचे गुण असतात, पण ते वरच्या पुरस्कारांवर, आणि प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार अशी ती चढण आहे, त्यात काही वर्षं जातात. हे सांगितलं की अर्धे बाबा लोक मोबाईल काढतात. दुसरा प्रश्न, रात्री राहायचं असतं का? आणि तिसरा, जो कुणी सरळ विचारत नाही, तिथे मुलगे असतात का. एका आईने तर विचारलं की आमच्या पोरीला चुलीवर स्वयंपाक कशाला, घरी गॅस आहे की. मी म्हटलं घरी ती करते का? त्यावर तिची सासूच हसली.

पोरींचं म्हणाल तर त्या कधीच त्रास देत नाहीत, म्हणजे देतात, पण तो सुसह्य असतो. त्रास होतो तो क्लासचा. रविवारी सकाळी अबॅकस, स्कॉलरशिपचा जादा तास, कथक. आणि नववीत गेली की गळती. दोन-तीन वर्षं घडवलेली पेट्रोल लीडर, जिला शिट्टीचे सगळे संकेत पाठ, जी लहान मुलींना एका नजरेत रांगेत आणते, तिचे बाबा फोन करतात, "ताई, आता पुढच्या वर्षी दहावी, तुम्ही समजू शकता." समजते हो. पण दर जूनमध्ये पोटात खड्डा पडतो तो पडतोच.

दुसरी अडचण म्हणजे दुसरी बाई. मुलींबरोबर एकटी मोठी व्यक्ती कधीच नको, निदान दोन हव्यात, त्याचं सेफ फ्रॉम हार्म नावाचं ऑनलाइन प्रशिक्षण पण आम्हाला करावं लागतं. नियम शंभर टक्के बरोबर आहे, पण ती दुसरी बाई आणायची कुठून? सगळ्या म्हणतात "छान करता हो तुम्ही", आणि रविवारी सकाळी फोन उचलत नाहीत.

पहिला मुक्कामी कॅम्प आम्ही इगतपुरी तालुक्यातल्या एका शाळेच्या मैदानावर घेतला. जागा बघायला गेले की लोक डोंगर बघतात, झाडं बघतात, मी आधी संडास बघते. कडी आहे का, पाणी आहे का, लाईट आहे का, पॅड टाकायला झाकणाचा डबा ठेवता येईल का. अकरा ते पंधरा वयाच्या मुली आहेत, कुणाची तरी पाळी कॅम्पमध्येच येणार, आणि तिला ते सगळ्यांसमोर सांगायची वेळ येता कामा नये. म्हणून सामानाच्या पेटीत एक फुलाफुलांची पिशवी असते, न विचारता घ्यायची. ही पिशवी कुठल्या कोर्समध्ये मला कुणी सांगितली नव्हती, ती माझ्या आईकडून आलेली.

त्या कॅम्पमध्ये एक सातवीतली मुलगी बांबूचा चपलांचा स्टँड बांधत होती. आम्ही त्याला गॅजेट म्हणतो. चौकोनी बंध म्हणजे स्क्वेअर लॅशिंग, उभ्या काठीवर क्लोव्ह हिच नावाची गाठ मारून सुरू करायचं, तीन वेढे, मग दोन काठ्यांच्या मधून आवळायचे दोन वेढे आणि आडव्या काठीवर क्लोव्ह हिचने संपवायचं. तिचं सगळं बरोबर होतं पण शेवटचे वेढे ती ओढत नव्हती, सुतळी हाताला टोचते म्हणून. स्टँड उभा केला की डुगडुगायचा. तिने तो सोडला, परत बांधला, परत डुगडुगला. तिसऱ्यांदा स्कार्फ हाताला गुंडाळला, एक पाय बांबूवर टेकवला आणि दात-ओठ खाऊन ओढलं. मग त्यावर पाण्याची भरलेली बादली अडकवून पेट्रोल लीडरला म्हणाली, "हं, आता हलव." स्कार्फची पार वाट लागली होती, तपासणीत तिचे मार्क गेले. तिला फिकीर नव्हती.

दुपारी बिनभांड्याचा स्वयंपाक झाला. निखाऱ्यात वांगी, बटाटे, पळसाच्या पानात थापलेली पानगी. अर्धं कच्चं, अर्धं कोळसा, आणि घरी कारलं बघून नाक मुरडणाऱ्या मुलींनी ते बोटं चाटत खाल्लं.

त्याच रात्री नऊच्या सुमाराला मैदानाच्या गेटवर अ‍ॅक्टिव्हा थांबली. चुलीवाला प्रश्न विचारणारी तीच आई. पोरीला न्यायला नाही, "सहज आले" म्हणाली, हायवेवरून, अंधारात, सहज. मला राग आला होता खरं सांगते. पण शेकोटी सुरू होती, त्यांना बसा म्हटलं. त्यांची मुलगी नाटुकल्यात म्हातारा झाली होती, कापसाच्या मिशा लावून, आणि आई आल्यात हे बघूनही तिने सोंग सोडलं नाही. बाई हसून हसून रडल्या. परत एवढ्या रात्री एकट्या कशा जाणार, मग आमच्या तंबूत झोपल्या, सकाळी उठून पोह्यांचे कांदे चिरले. त्या हॉस्पिटलात नर्स आहेत हे मला तेव्हा कळलं! आज आमची प्रथमोपचाराची पेटी, औषधांच्या एक्स्पायरी डेट आणि प्रत्येक मुलीची अ‍ॅलर्जीची यादी त्या बघतात. मला दुसरी बाई अशी मिळाली. आता पालकसभेत रात्रीच्या मुक्कामाचा प्रश्न आला की मी बोलतच नाही, त्याच बोलतात.

खरी कमाईबद्दल सांगायचं राहिलं. मुलींनी स्वतः कष्ट करून पैसे कमवायचे असा उपक्रम असतो. आमच्या मुलींनी सोसायटीतल्या दुचाक्या धुतल्या. एक काका म्हणाले, "घरी भांडी घासा त्यापेक्षा." आमची सगळ्यात बारकी पोरगी म्हणाली, "काका, त्याचे पैसे कोण देतं?" काकांनी स्कूटर धुवून घेतली, वर पैसे जास्त दिले. संध्याकाळी हिशोबाला बसलो तर त्यांनी साबण आणि फडक्यांचा खर्च धरलाच नव्हता, नफा म्हणून सगळी रक्कम मोठ्या अक्षरात लिहून मोकळ्या. तिथे मात्र मी लांब उभी नाही राहिले, धंद्याचा प्रश्न होता. वहीत जमा-खर्चाचे दोन रकाने आखायला लावले. त्या पैशातून नवीन दोरखंड आणि एक ताडपत्री आली, आणि तिच्यावर कुणी चपला घालून पाय दिला तर मुली अंगावर येतात.

अजून काय सांगू. पैसे मिळत नाहीत, उलट जातात. नवरा रविवारी पोहे स्वतः करायला शिकला, हा वरचा फायदा. सध्या नवीन प्रकरण असं आहे की आमच्या पहिल्या बॅचच्या काही मुली दहावी होऊन परत आल्यात, गाईड म्हणून त्यांचं वय आता सरत आलं, त्यांना रेंजर म्हणजे गाईडच्या पुढच्या, मोठ्या मुलींच्या गटात जायचंय आणि ती टीम मीच चालवावी असा हट्ट आहे. रेंजर लीडरचा बेसिक कोर्स वेगळा असतो. म्हणजे परत सात दिवसांची रजा, आणि साहेबांना मी अजून सांगितलेलं नाही.