तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी ई-वन सर्किटं अजून कशाला?

"सगळं आता आयपीवर, म्हणजे इंटरनेटसारखं पॅकेटांवर, चालतं, मग ही जुनी ई-वन सर्किटं तुम्ही अजून का वाहताय? एकदाची काढून का टाकत नाही?" सोलापुरात ट्रान्समिशनचं, म्हणजे टेलिकॉमच्या जाळ्यात सिग्नल इकडून तिकडे पोचवायचं, काम करते म्हटल्यावर हा प्रश्न ठरलेलाच. प्रोजेक्टसाठी येणारी इंजिनिअरिंगची मुलं विचारतात, नवे सहकारी विचारतात, खर्चाच्या बैठकीत तर हमखास निघतो. माझं उत्तर असं: सर्किट जुनं असलं तरी त्याच्या टोकाला चाललेलं काम आजचं आहे. जुन्या यंत्रणेने त्या कामाला वेळेची हमी दिली होती. नव्या यंत्रणेने ती आधी देऊन दाखवावी, मग जुनं उतरवू.

ई-वन म्हणजे ठरलेल्या वेगाची जुनी डिजिटल वाट: २.०४८ एमबीपीएस, त्यात ६४ केबीपीएसचे ३२ टाइमस्लॉट. सगळ्या स्लॉटांचा एक फेरा म्हणजे एक फ्रेम. सेकंदाला ८,००० फ्रेम, म्हणजे दर १२५ मायक्रोसेकंदाला एक. कुणी बोलत असो वा नसो, फ्रेम निघतेच. आपल्याकडची एसटी आणि वडाप आठवा. एसटी रिकामी असली तरी वेळ झाली की स्टँडवरून हलते. वडापवाला सीट भरल्याशिवाय गिअर टाकत नाही. माहितीचे तुकडे करून पाठवणारं पॅकेट नेटवर्क या दुसऱ्या जातीचं. जागा वाया जात नाही हा त्याचा मोठा गुण, पण कोण किती वाजता पोचेल हे ते आपणहून सांगत नाही.

सर्व्हिस अॅग्रीगेशन राउटर या दोन्ही जाती एकाच पेटीत सांभाळतो. नोकियाच्या ७७०५ मालिकेच्या तर नावातच हे शब्द आहेत. एका बाजूला ई-वनची कार्डं, सिरियल पोर्टं, जुन्या फोनची ई-अँड-एम कार्डं; दुसऱ्या बाजूला इथरनेट आणि फायबर. आत आलेलं सगळं एमपीएलएसच्या (पॅकेटावरचं लेबल बघून वाट ठरवायच्या पद्धतीच्या) लेबलाखाली एकाच वाटेने जातं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर चढतो, तेव्हा यंत्रांच्या शेल्टरमध्ये एसडीएचची (ई-वन वाहणाऱ्या जुन्या यंत्रणेची) वेगळी आणि आयपीची वेगळी अशी दोन यंत्रं थंड ठेवणं आणि दोन्हींच्या बॅटऱ्या जपणं परवडत नाही. त्यात एसडीएचचे सुटे भागही मिळेनासे झालेत. म्हणून एक पेटी हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझा आग्रह आहे तो आतल्या कामाबद्दल.

आत काय होतं ते नीट बघण्यासारखं आहे. २००६ च्या आरएफसी ४५५३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात ई-वन पॅकेटात बसवायची साधी रीत दिली आहे. फ्रेमच्या आत काय आहे हे न बघता सलग २५६ बाइट उचलायचे, त्यावर क्रमांक घालायचा आणि पाठवायचे. २५६ बाइट म्हणजे बरोबर एक मिलिसेकंदाचा माल, म्हणजे सेकंदाला १,००० पॅकेटं. वेष्टनं धरून दोन एमबीचं हे सर्किट इथरनेटवर जवळपास अडीच एमबी जागा घेतं. विलंब कमी करायचा म्हणून पॅकेट ६४ बाइटांचं केलं, तर तेच साडेतीनच्या पुढे जातं. पलीकडच्या टोकाला जिटर बफर असतो. मागेपुढे आलेली पॅकेटं तो धरून ठेवतो आणि एका लयीत बाहेर सोडतो. एखादं पॅकेट हरवलं, तर तेवढ्याच लांबीचं भरताड घालतो, म्हणजे पुढच्या फ्रेम सरकत नाहीत. बफर मोठा ठेवला तर उशीर वाढतो, लहान ठेवला तर तो रिकामा पडतो.

आणि लय कुणाची? इथेच सगळी गोम आहे. दोन टोकांच्या घड्याळांत दहा लाखांत एक एवढा जरी फरक राहिला, तरी साधारण दर दोन मिनिटांनी एक अख्खी फ्रेम गळते किंवा दुबार जाते. जीएसएम टॉवरला तर त्याहून वीसपट काटेकोर वारंवारता लागते, ५० पीपीबी, म्हणजे अब्जात ५० एवढाच फरक चालतो. म्हणून सिंक-इथरनेट (इथरनेटच्या सिग्नलमधूनच लय देणारं) किंवा आयईईई १५८८ (पॅकेटांवर वेळेचे शिक्के पाठवणारं) ने घड्याळ पोचवावं लागतं. पॅकेटांच्या येण्याच्या गतीवरून घड्याळ ओळखायची पद्धतही आहे, पण संध्याकाळी लोक व्हिडिओ बघायला बसले आणि रांगा वाढल्या की ती डळमळते. मला विचाराल तर जिथे सिंक-इथरनेट मिळतं तिथे दुसऱ्या कशाच्या वाटेला जाऊ नये.

हे कुणासाठी? सांगोल्याकडच्या डाळिंबवाल्या शेतकऱ्यासाठी. रात्री लाइट आली की तो घरूनच मोटरीच्या स्टार्टरला फोन लावतो. त्या स्टार्टरमध्ये २जी सिम असतं आणि २जीचे काही टॉवर अजून ई-वनवर आहेत. रेल्वेच्या कंट्रोल फोनसारख्या सेवांसाठीही.

आणि विजेसाठी. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडशी एका वारंवारतेत जोडलं गेलं. आपल्या जिल्ह्यात घडलेली ही गोष्ट मी प्रत्येक मुलाला सांगते. अशा उच्चदाब वाहिन्यांच्या डिफरन्शियल संरक्षणात दोन्ही टोकांचे रिले, म्हणजे दोष ओळखून वाहिनी बंद करायला लावणारी यंत्रं, एकाच क्षणीचा प्रवाह ताडून बघतात. पुष्कळ ठिकाणी हे आकडे ६४ केबीपीएसच्या किंवा ई-वनच्या वाटेने जातात. जाण्यायेण्याला मिळून किती वेळ लागला ते मोजून रिले त्याचा अर्धा एका बाजूचा धरतो. जाताना येतानापेक्षा दोन मिलिसेकंद जास्त लागले, तर हिशेब एक मिलिसेकंदाने चुकतो. ५० हर्ट्‌झला हा फरक १८ अंशांचा, आणि दोष नसताना रिलेला दोष दिसू लागतो.

असा प्रसंग मी जवळून पाहिलाय. रस्तारुंदीकरणात जेसीबीने फायबर तोडली, एमपीएलएसने आपणहून दुसरी वाट धरली, पण एकाच दिशेची. परतीची वाहतूक तिच्या जुन्याच, शाबूत वाटेने येत होती, कारण दोन्ही दिशांच्या वाटा वेगवेगळ्या आखलेल्या असतात. पिंग (पॅकेट जाऊन परत येतं का ते बघायची चाचणी) चांगलं, ई-वनचा दिवा हिरवा, स्क्रीनवर एकही तक्रार नाही. उपकेंद्रातल्या रिलेने मात्र चॅनेलचा अलार्म दिला. तेव्हापासून संरक्षणाच्या सर्किटाला जाण्यायेण्याची एकच वाट बांधून द्यायची, दोन्हीकडचे बफर सारखे ठेवायचे, रांगेत त्याला सर्वांत पुढे उभं करायचं आणि चालू करण्यापूर्वी दोन्ही दिशांचा विलंब वेगवेगळा मोजायचा, याबाबत मी कुणाचं ऐकत नाही. बैठकीत 'एवढा वेळ कशाला' म्हणतात. म्हणू देत.

तेव्हा काढणार कधी? टॉवरचं यंत्र बदलून त्याला सरळ इथरनेट आलं, की त्या टॉवरचं ई-वन त्याच आठवड्यात काढावं. तिथे मी स्वतः मागे लागते. उपकेंद्रातलं मात्र दोन्ही टोकांचे रिले बदलून थेट फायबरवर गेले, आणि संरक्षण विभागाने तसं लिहून दिलं, तरच. एका टोकाचा रिले बदलला एवढ्यावर नाही.