तुम्ही विचारलंत म्हणून: ती पडकी शाळा पाडू का देत नाही

"बाई, शाळा बंद झाली तेव्हा सही तुमचीच होती ना? मग आता भिंती पाडायच्या म्हटल्यावर अर्ज कसले देता?"

पाड्यावर गेले की हे विचारतात. नाशिकला आमच्या इमारतीत विचारतात, निवृत्त शिक्षकांच्या बैठकीत विचारतात. माझा मुलगाही विचारतो, जरा सांभाळून. प्रत्येकाला मी आजवर अर्धंच उत्तर दिलं. कुणाला म्हटलं, दगडी बांधकाम आहे, अजून पन्नास वर्षं टिकेल. कुणाला म्हटलं, अंगणवाडीला जागा होईल. दोन्ही खरं आहे, पण मी अर्ज देते ते त्यासाठी नाही. खरं कारण सांगायचं तर एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती आजपर्यंत घरातही बोलले नव्हते.

आधी सहीचं. हो, सही माझी होती. मे २०१८. शून्य पटाच्या अहवालावर मुख्याध्यापकाची सही लागते आणि तिथे मुख्याध्यापक मी, वर्गशिक्षक मी, झाडलोट करणारीही मीच. डिसेंबर २०१७ मध्ये दहाच्या आतल्या पटाच्या राज्यातल्या तेराशेवर शाळा शेजारच्या शाळांत मिसळायचं सरकारने जाहीर केलं, त्यात आमची गेली असं लोक धरून चालतात. तसं नाही. आमची त्याआधीच रिकामी होत आली होती. ऑक्टोबर छाटणीला दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर गेलेली घरं होळीलाच परत यायची, पोरं बरोबर न्यायची. पुढे आश्रमशाळेत जेवणखाण, कपडे, राहणं सगळंच मिळतं म्हणून पहिलीपासूनच पोरं तिकडे जाऊ लागली. मग आदिवासी विकास विभागाच्या योजनेतून 'नामांकित' इंग्रजी शाळांचे अर्ज आले. कुठल्या आईबापाला नको वाटेल?

शेवटी तीन मुलं उरली. दोघी बहिणी आणि एक मुलगा. मुलगा मामाकडे गेला. बहिणींची आई मला म्हणाली, "बाई, दोघीच पोरी, कुणासंगं खेळतील, कुणासंगं शिकतील?" आश्रमशाळेचे त्यांचे अर्ज मीच भरले. माझ्या पेनाने. आजही तसंच करेन की नाही, मला सांगता येत नाही. रात्री एक उत्तर येतं, सकाळी दुसरं.

शाळा बंद म्हणजे काय होतं ते बाहेरच्यांना माहीत नसतं. सामानाची यादी होते. टेबल, खुर्ची, दोन फळे, घंटा, वजनकाटा, पोषण आहाराची भांडी. एक पिकअप येते आणि ते सगळं जवळच्या शाळेत जातं. दप्तर म्हणजे रजिस्टरंही जातात. त्यात सर्वांत मोलाचं जनरल रजिस्टर, ज्यात दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, जात, शाळा सोडल्याची तारीख. आमच्याकडे त्याचे दोन खंड होते. दुसरा १९७१ पासूनचा. पहिला लोकल बोर्डाच्या काळातला. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, त्याच्याही कितीतरी आधीपासूनचा, टाक-दौतीने लिहिलेला.

यादीत मी लिहिलं, 'जनरल रजिस्टर, नग २'. गाडीत गेला एक.

पहिला खंड मी भिंतीजवळच्या सागवानी कपाटातच ठेवला. कपाट अवजड, ते हलणार नव्हतं. पण रजिस्टर हलवायला कपाट हलवावं लागत नाही, हे मलाही कळत होतं. मी ते मुद्दाम ठेवलं. मला वाटत होतं, पुढच्या जूनला चार घरं परत येतील, दोन-तीन पोरं पहिलीला होतील, शाळा उघडेल. शाळेचं पहिलं बुक शाळेतच असलं तर ती पुरती बंद झाली असं म्हणता येणार नाही. छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईने असा विचार करावा, याचं आज मला नवल वाटतं. त्या दिवशी अजिबात वाटलं नाही. नग मोजून घ्यायचे ज्यांचं काम होतं त्यांनी मोजले नाहीत, हेही खरं. पण त्यांच्या आड मी लपणार नाही. यादी माझी होती.

नोव्हेंबर २०१९ मध्ये मी नव्या शाळेत परिपाठ घेत होते. फाटकाशी एक आजोबा आणि त्यांचा नातू उभे दिसले. नातू बारावी सायन्सला, नाशिकच्या कॉलेजात. राखीव जागेवर प्रवेशासाठी जमातीच्या पडताळणीचा अर्ज भरायचा होता. त्याच्या वडिलांच्या दाखल्यावर नुसतं 'हिंदू कोळी' होतं. ज्यांना यातलं माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको: अनुसूचित जमातीच्या यादीत 'कोळी महादेव' आहे, नुसतं 'कोळी' नाही. आणि ६ सप्टेंबर १९५० च्या, म्हणजे ती यादी पहिल्यांदा निघाली त्याच्या, आधीची नोंद मिळाली तर तिचं वजन सर्वांत जास्त. आजोबा १९४८ मध्ये आमच्याच शाळेत नाव घातलेले. दुसरीपर्यंत शिकले, मग गुरं राखायला गेले. ते म्हणाले, "बाई, माझं नाव तुमच्या बुकात हाय. तवाच्या गुरुजींनी आमची जात पुरी लिवली होती, बापानं सांगून लिवून घेतली होती."

आम्ही तिघं दुपारी गेलो. किल्ली अंगणवाडीच्या ताईंकडे होती. त्याच वर्षी २९ एप्रिलला लोकसभेच्या मतदानाला खोली उघडली होती, फळ्यावर कुणीतरी खडूने बाण काढून 'मतदान' लिहिलेलं तसंच होतं. त्यानंतर एक पूर्ण पावसाळा गेला होता, त्याच्या आदल्या वर्षीचा एक. माकडांनी कौलं फोडली होती. पाणी नेमकं कपाटामागच्या भिंतीवरून उतरलं होतं. कपाटाचं दार फुगलेलं. नातवाने पाय लावून ओढलं. आत मातीच्या रेषा. वाळवी.

मी रजिस्टर हातात घेतलं तेव्हा ते हलकं लागलं. एवढं जाड बुक इतकं हलकं नसतं. पानं एकमेकांना चिकटलेली, मधून पोखरलेली. कडा शाबूत, पोट गेलेलं. मी व्हरांड्यात बसून पट्टीने एकेक पान सोडवलं. १९४८ सालचं पान सापडलं. नोंदणी क्रमांक होता. नाव होतं, आजोबांचं आणि त्यांच्या वडिलांचं. त्यापुढे जातीचा रकाना असतो. तिथे भोक होतं. भोकाच्या डाव्या काठाशी 'को' दिसत होतं, आणि पलीकडे थेट जन्मतारखेचा शेवटचा आकडा.

आजोबांना आता वाचायला दिसत नव्हतं. त्यांनी विचारलं, "हाय ना?"

मी म्हटलं, "नाव आहे."

ते हसले. नातवाच्या पाठीवर थाप मारली. नातू माझ्याकडे बघत होता. त्याने भोक पाहिलं होतं. त्या दोघांच्या मध्ये मी ते पान धरून बसले होते आणि पुढचं वाक्य मला सुचत नव्हतं. शेवटी नातवानेच आजोबांना सांगितलं. मी नाही. शाळेत मी मुलांना शिकवलं होतं की चूक झाली तर उभं राहून सांगावी.

त्या मुलाचं एक वर्ष गेलं. पुढे दुसऱ्या गावातल्या रक्ताच्या नातेवाइकाला प्रमाणपत्र मिळालं, त्या आधारावर याचंही झालं. पण इंजिनिअरिंगचं राहिलं, त्याने बीएस्सी केलं. आजोबा भेटले की अजूनही "बाई, चहा घ्या" म्हणतात. रजिस्टर मी मागे का ठेवलं, ते त्यांनी कधीच विचारलं नाही.

आता तुमचा प्रश्न. २०२३ च्या शेवटी मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, तेव्हा गावोगावच्या शाळांची जुनी रजिस्टरं कपाटांतून निघाली आणि या बुकांची किंमत सगळ्यांना कळली. पण ज्या शाळाच बंद झाल्या त्यांच्या माळ्यावर, फळकुटाच्या पेटीत काय राहिलं ते कोण बघणार? निर्लेखनाचा, म्हणजे जुनी इमारत नोंदीतून काढून पाडायचा, प्रस्ताव निघतो तेव्हा शाखा अभियंता भिंत मोजतात, लाकूड मोजतात, कौलं मोजतात, मूल्यांकन होतं, लिलाव होतो. कागद मोजायचा रकाना त्यात नाही. माझ्या पहिल्या अर्जात एवढंच आहे: पाडण्याआधी माळा, कपाट, मागची खोली माझ्यासमोर उघडा आणि जे निघेल त्याची यादी करा. मी त्या दिवशी जी यादी खोटी केली, ती मला एकदा खरी झालेली बघायची आहे.

दुसरा अर्ज जमिनीचा. ती पाच गुंठे जागा एका घराने तोंडी दिली होती. बक्षीसपत्र नाही, सातबारा अजून त्यांच्याच नावावर. शाळा उभी आहे तोवर जागा गावाची. भिंती पडल्या की वारस येतील आणि त्यांनाही मी दोष देणार नाही, जमीन त्यांची आहे. पण उद्या पाड्यावर पुन्हा वीस पोरं झाली तर शाळा बांधायची कुठे? शिक्षण हक्क कायद्याने एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा मिळायला हवी. आमच्याकडे ते एक किलोमीटर जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओहोळाच्या पलीकडे असतं.

मुलगा म्हणतो, "आई, पुन्हा पोरं येतील हेच तू २०१८ लाही म्हणत होतीस." म्हणत होते. त्यापायी एका पोराचं वर्ष गेलं. मग आज तेच म्हणायचा हक्क मला आहे का? या प्रश्नावर मी अडते. पण २०२३ च्या ऑक्टोबरात इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची पोरं शाळा बंद केली म्हणून बकऱ्या घेऊन थेट जिल्हा परिषदेवर आली. शाळा नसेल तर दप्तर घ्या, आम्हाला बकऱ्या राखायला द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या बातमीतली पोरं बघताना मला आजोबा आठवले, १९५० च्या सुमारास दुसरीतून उठून गुरांमागे गेलेले. माझ्या शाळेतून कुणी बकऱ्या घेऊन गेलं नाही. मी अर्जच इतके नीट भरले होते की कुणाला ओरडायला जागाच उरली नाही.

इमारत धोक्याची आहे, हे मला मान्य आहे. २०१७ मध्ये नगर जिल्ह्यात निंबोडीला शाळेचं छत कोसळून तीन मुलं गेली. आमच्या दगडी खोलीला तडा नाही. नंतर बांधलेल्या स्लॅबच्या खोलीची मात्र सळई बाहेर आली आहे. तिथे पोरं क्रिकेट खेळतात, कुणी कांदे ठेवतं. उद्या कुणाच्या डोक्यात काही पडलं तर म्हणतील, बाईंनी अडवलं म्हणून राहिलं. तसं म्हणायचा त्यांना अधिकार राहील. स्लॅबची खोली आधी पाडा, असं मी ग्रामसेवकांना लिहून दिलं आहे. दगडी खोलीचं काय करायचं याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. अभ्यासिका म्हणते, तर वीजजोडणी कापलेली. अंगणवाडी म्हणते, तर ताई म्हणतात आमची खोली बरी आहे.

ते रजिस्टर केंद्रशाळेत जमा केलं आहे. त्याआधी परवानगी घेऊन वाचता येतील त्या नोंदी वहीत उतरवल्या. जिथे अर्धं नाव आहे तिथे अर्धंच लिहिलं. पाड्यावर वही घेऊन बसले की म्हातारी माणसं उरलेली अर्धी नावं सांगतात. कधी दोघं दोन नावं सांगतात. मी दोन्ही पेन्सिलने लिहून ठेवते.

पुढच्या मंगळवारी अभियंता मोजमापाला येणार आहेत. किल्ली आता सरपंचांकडे आहे. सकाळच्या एसटीने मी जाणार आहे, माळ्यावर चढायला त्या नातवाला बोलावलं आहे. तो येतो म्हणाला.