तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवर शिंगेन का?

व्हिडिओ कॉलवर मागची भिंत दिसली की विचारता, ते जपानी अक्षरांचं काय लावलंयस आणि वाक्य त्या टाकेदा शिंगेनचंच का, सोळाव्या शतकातला तो जपानी सरदार, ज्याने सख्ख्या बापाला हाकललं त्याचं? हो, हाकललं, 1541 मध्ये. थोरल्या मुलाला तोकोजी देवळात कोंडलं, तो 1567 मध्ये तिथेच गेला. मी जपानात त्याच्याच कोफू शहरात राहते हो, स्टेशनबाहेर पडलं की त्याचाच पुतळा समोर बसलेला असतो, मला हे माहीत नसेल का?

आणि वाक्य त्याचं नाहीच मुळात. युद्धकलेवर लिहिणाऱ्या सुन त्झूचं आहे, चीनमधलं, कितीतरी शतकं आधीचं. वाऱ्यासारखं वेगात, रानासारखं शांत, आगीसारखं लुटत, डोंगरासारखं अढळ. त्याच्या झेंड्यावर ही चौदा अक्षरं होती, गडद निळ्यावर सोनेरी, आणि लिहिली एरिनजी देवळाच्या काइसेन या झेन भिक्षूने असं मानतात. मी लावलंय ते त्या हातासाठी. "सारखं"चं अक्षर चार वेळा येतं, चारही वेळा वेगळं उतरलं नाही तर ओळ मरते, आणि ब्रश एकदा फिरला की परत गिरवायचं नाही, शाई पसरली तर पसरली. भिंतीवरचं मी लिहिलेलं आहे, त्यातलं आगीपाशीचं "सारखं" मला सगळ्यात आवडतं.

बरीच वर्षं एवढं उत्तर मला पुरायचं. मग एकदा शेजारच्या आजी चहाला आल्या. त्या मूळच्या नागानोतल्या साकूच्या. उभं राहून सगळं मोठ्याने वाचलं, "रान" छान आलंय म्हणाल्या, आणि मग विचारलं, आमच्या साकूतला शिगाचा किल्ला माहीत आहे का तुम्हाला? मी वाचलं होतं. 1547. शिंगेनने वेढा घातला, मदतीला येणारं सैन्य ओदाइहाराला कापून काढलं आणि सुमारे 3000 मुंडकी किल्ल्यासमोर मांडली, आतल्यांना दिसतील अशी. किल्ला पडल्यावर बायकापोरं धरून इकडे शिंगेनच्या काई प्रांतात आणली, ज्यांच्या नातेवाइकांनी पैसे भरले ती सुटली, बाकीची विकली. हे मला पुस्तकातून माहीत होतं, त्यांना त्यांच्या आजीकडून. त्या चिडल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. "आगीसारखं लुटत"कडे बघत म्हणाल्या, भिक्षू असून लिहिलं ना हे. मी पटकन म्हटलं, अहो पण 1582 मध्ये टाकेदांचा शत्रू ओदा याच्या सैन्याने काइसेनलाच बाकीच्या भिक्षूंबरोबर देवळाच्या दरवाजात जिवंत जाळलं. त्या म्हणाल्या, हो, शिगानंतर 35 वर्षांनी.

यावर मला काही सुचलं नाही, आजही सुचत नाही. फक्त अक्षर बघा म्हणणारी ती आधीची मी अजून आत बसलेली आहे आणि भांडते, की शाई ज्याच्या हाताची त्याची, झेंडा घेऊन कोण कुठे गेलं ते त्या रेघेत कुठे दिसतं? मी म्हणते, झेंडा होता तो बाई, न्यायलाच लिहिलेला. मग ती म्हणते, म्हणजे काढणार का? तर नाही! ते चौदा अक्षरांचं वजन माझ्या हाताला दुसऱ्या कशातच मिळालेलं नाही.

आजींनी काढा म्हटलं नाही, त्या अजूनही येतात. परवा एकाला मी शिगाचं सांगायला लागले तर तो मधेच म्हणाला, मग काढून टाक की. काढत नाही. आणि शिगाचं सांगणंही बंद करणार नाही, तुम्हाला शंभरदा ऐकून कंटाळा आला तरी.